मला पण सोबत होईल

भोये बाई गेल्याची बातमी मला खोडाळ्याच्या एका जीपवाल्याने दिली. आमच्या पाड्यावरच्या शाळेत फोनला रेंज नाही. ती मिळते शाळेमागच्या टेकाडावर, एका काळ्या खडकावर उभं राहिलं तर, आणि तीही मिळाली तर मिळाली. मुलांची खिचडी उरकून मी नळावर हात धूत होते. जीपवाला फाटकातून आत आला, डोक्याचा रुमाल काढला आणि म्हणाला, "मॅडम, भोये बाई सकाळी गेल्या. देवराम काकांचा फोन व्हता. तुमचा लागं नाय म्हनून मना सांगला." सकाळी अंगण झाडता झाडता बाई ओट्यावर बसल्या, त्यांनी पाणी मागितलं, आणि त्यांचे यजमान, देवराम काका, तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. चार वाजता नेणार होते. दीडची एसटी मिळाली तर मी पोचले असते... आणि रडू फुटण्याच्या आधी माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण बाईंवर लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. माझ्या मनात आलं, मधे घाट आहे.

मी मूळची साताऱ्याकडची. नऊ वर्षांपूर्वी नेमणूक झाली तेव्हा मोखाडा नकाशात शोधावा लागला होता. शाळा दोन शिक्षकी. जानकी देवराम भोये या मुख्याध्यापिका, आणि मी. त्या ठेंगण्या, सावळ्या, आवाज मात्र असा की समोरच्या टेकडीवरच्या गुरांनीही माना वर कराव्यात. फळ्यासमोर त्या पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि फळ्याकडे पाठ वळली की घरची बोली. पहिल्या महिन्यात मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, आणि माझं बोलणं ऐकून मुलं तोंडावर हात धरून हसायची. शिरपामाळाच्या अलीकडे एका पाड्यावर बाईंचं घर. आठवडाभर त्या खोडाळ्यात भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या गाडीने जव्हारच्या बाजूला आपल्या घरी जायच्या. मीही त्यांच्याच शेजारची खोली घेतली. माझ्या चहाला त्या "सातारी काढा" म्हणत आणि रोज दोनदा पीत.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते आणि अचानक माझा श्वास पुरेना. हाताला मुंग्या, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मुलं सातच्या पाढ्यावरच थांबून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, मी मरते आहे. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. खरोखर वाटलं, की आईला आता कोण कळवणार. एक मुलगी पळत जाऊन बाईंना घेऊन आली. बाईंनी मला जमिनीवर बसवलं आणि वर्गाला सांगितलं, "आठाचा म्हणा, मोठ्यानं." त्या गलक्यात मी पंधरा-वीस मिनिटांनी माणसात आले. बातमी पाड्यावर पसरली. कोणी म्हणालं, बाहेरचं असेल, भगताला बोलवा. बाई कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त क्रम ठरवला: "आधी दाक्तर. मंग भगत. मंग मी." भगतबाबा खरंच आले, त्यांनी चहा घेतला, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, पोरीला घर आठवतंय. तेही काही चुकीचं नव्हतं.

पण आधी डॉक्टर. जीप करून बाई मला जव्हारच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. ईसीजी झाला. तरुण डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हृदय उत्तम आहे. काही झालेलं नाही." मी तिथंच हमसून रडायला लागले. काही झालेलं नाही, म्हणजे मी नाटक करते आहे की काय! बाई डॉक्टरांवर उखडल्या. "काही झालं नाही कसं, साहेब? घाबरली ना ती? घाबरणं म्हणजे काहीच नाही का?" डॉक्टर भला माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट समजावलं, की शरीर संकटाचा इशारा देतं, धडधड आणि घाम खराच असतो, फक्त संकट तिथं नसतं. महिन्यातून एकदा मानसोपचाराचे डॉक्टर इथं येतात, त्यांना दाखवा म्हणाले. परतताना बाईंनी त्याचं आपल्या भाषेत भाषांतर केलं. शाळेची घंटा कोणी उगीच बडवली तर मुलं दप्तरं घेऊन पळणारच. घंटा खरी वाजली, पण शाळा सुटलेली नाही. मी त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे वर्षभर गेले, गोळ्या घेतल्या, पुढे त्यांनीच कमी करत बंद केल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण लोक मला विचारतात, नुसत्या बोलण्याने बऱ्या झालात का. नाही. बाईंचाच क्रम बरोबर होता.

मात्र दुसऱ्याच वेळी, जव्हारहून एकटीने परतताना, घाटात पुन्हा तसंच झालं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, वळणामागून वळण. मी ओरडून गाडी थांबवली. उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि अख्खी एसटी खिडक्यांतून मला बघत होती. त्या दिवशी ठरवलं, आता हा घाट नको आणि ही नोकरीही नको. राजीनामा लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, तांबड्या शाईने दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि परत दिला. "आता शुद्ध लिहून आण." मला हसावं की रडावं कळेना. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी मी घरी जातेच. तू चल माझ्यासोबत. मला पण सोबत होईल."

मला पण सोबत होईल. आपल्याकडे हे वाक्य कितीदा बोललं जातं! समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून बोलायची रीत आहे ती. मीही ती रीतच समजले.

त्या शनिवारी आणि त्यानंतरच्या जवळपास सगळ्या शनिवारी आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या बाकावर बसलो. खिडकी मला. "तू बाहेर बघ," असं सांगून बाई माझा हात स्वतःच्या हातात घ्यायच्या आणि घाट सुरू झाला की डोळे मिटायच्या. मला वाटायचं, आठवडाभराची दमणूक, एक डुलकी काढत असतील. ओठ हलताना दिसायचे, तेव्हा वाटायचं, माझ्यासाठी देवाचं नाव घेत असतील. घाट संपला की पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबायची. बाई डोळे उघडायच्या, कमरेचा रुमाल काढायच्या, आधी माझा तळहात पुसायच्या, मग स्वतःचा, आणि दर वेळी तेच म्हणायच्या, "बघ, किती घाम तुझ्या हाताला!" मी ओशाळून हसायची. पुढे पुढे वळणांवर माझं लक्ष जाईनासं झालं, पण हात काही मी सोडला नाही. रविवार मी त्यांच्या घरी काढायची. नागलीची भाकरी मला कधीच गोल जमली नाही आणि काका ती न बोलता खायचे.

शाळेतल्या काळज्यांचं बाईंनी वेगळंच केलं. मी दिवसातून आठ-दहा वेळा त्या काळ्या खडकावर जाऊन आईला फोन लावायची. ती बरी आहे ना, गॅस बंद केला ना, दार लावलं ना. एक दिवस बाईंनी मला ऑफिसच्या भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. सगळ्यात खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: काळजी, ५.१५ ते ५.३०. "जी येईल तिला सांगायचं, तुझा तास सव्वापाचला. आता गणित चालू आहे." मला तो पोरखेळ वाटला. पण सव्वापाचला त्या खरोखरच मोहाच्या झाडाखाली सूप घेऊन बसल्या. घरी न्यायचे उडीद निवडत म्हणाल्या, "हां, सांग." मी एकेक काळजी सांगायची. त्यांचा प्रश्न एकच, तोही घरच्या बोलीत, "पायला का वाटला?" डोळ्यांनी पाहिलंस, की तुला नुसतं वाटलं? पाहिलं असेल तर त्यावर काय करायचं ते आम्ही ठरवायचो. वाटलं असेल तर त्या सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकायच्या आणि पुढची विचारायच्या. साडेपाच झाले की माझं वाक्य अर्ध्यावर असलं तरी सूप झटकून उठायच्या. "झाला तास." मी चिडायची. खरं तर रोज चिडायची. पण हळूहळू असं झालं की सव्वापाचपर्यंत निम्म्या काळज्या मला आठवायच्याच नाहीत. एकदा तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी वेळापत्रकावर बोट ठेवून विचारलं, हा कोणता विषय? बाई म्हणाल्या, "साहेब, हा सगळ्या इयत्तांना आहे." साहेबांनी मान डोलवली आणि शेऱ्यात काही लिहिलं नाही. त्यांच्याही घरी काही असेल.

हे कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी सोंगाची गोष्ट सांगितली. आमच्या भागात बोहाडा होतो. देवदानवांचे मोठमोठे मुखवटे घालून, वाद्यांच्या तालावर सोंगं नाचत येतात. बाईंच्या पहिल्या वर्षांतली एक चिमुरडी राक्षसाच्या सोंगाला इतकी भ्याली, की दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर पाऊल टाकेना, कारण वाट त्या सोंगवाल्याच्या दारावरून जायची. घरच्यांनी दटावलं, लाडू दिला, काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी मुखवटे रंगवायला बाहेर काढले तेव्हा बाईंनी तोच मुखवटा भर दुपारी शाळेत आणवला. आधी त्याला सगळ्या मुलांसह हात जोडले. मग त्या मुलीला तो आतून दाखवला. बांधायच्या दोऱ्या, डोळ्यांची भोकं, कपाळाला टोचू नये म्हणून लावलेली चिंधी. मुलीने नाकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, बाई, याच्या नाकाला रंग कमी पडलाय. "भ्या वाटायचा तो वाटू दे," बाई मला म्हणाल्या, "पण त्याला दिवसा घरी बोलवावा. आतून पाहावा." ती मुलगी आज स्वतः अंगणवाडी सेविका आहे, आणि बोहाड्याला अजून लांबच उभी राहते. हेही बाईंनी हसत हसतच सांगितलं होतं. भीती मुळापासून उपटून टाकायची असा त्यांचा हट्ट कधीच नव्हता. शाळेची वाट सुटू नये, एवढंच त्यांना हवं असायचं.

गेल्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला पाडा लोटला होता, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सव्वापाचला रड." खोडाळ्याची खोली त्यांनी सोडली. आमचा तास मात्र फोनवर चालू राहिला. सव्वापाचला मी खडकावर, त्या त्यांच्या ओट्यावर. रोज शेवटी त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "शनिवारी ये गं वैशू." आणि माझं ठरलेलं, "तुम्हीच या ना बाई, मुलं आठवण काढतात." मी सांगायची, ऑनलाइन माहिती भरायची आहे, शनिवार त्यातच जाणार. त्या सांगायच्या, गुडघे दुखतात. खरं कारण मला माहीत होतं. माझा हात धरायला कोणी नव्हतं. आठ वर्षं सरावलेला घाट मला एकटीला पुन्हा पहिल्यासारखा दिसायला लागला होता, आणि हे बाईंना कसं सांगायचं? त्यांची सगळी मेहनत पाण्यात गेली असं सांगण्यासारखंच ते. आणि त्यांच्या न येण्याचं कारण मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की निवृत्त झाल्या, घरात रमल्या, शाळा विसरल्या. मी रुसले होते. असे आठ महिने गेले.

आणि मग तो जीपवाला आला.

दीडच्या एसटीत मी चढले. दुसरा बाक, खिडकी. शेजारी मोखाड्याहून चढलेली एक मावशी बसली, मांडीवर रिकामी पाटी. घाटाच्या तोंडचा फाटा मागे पडला, पहिलं वळण आलं. हाताला मुंग्या यायला लागल्या. वाटलं, उठावं, ओरडावं, उतरावं. पण उतरले असते तर बाईंचं तोंड बघायला मिळालं नसतं, आणि ती संधी पुढच्या गाडीला परत येणार नव्हती. मी त्या अनोळखी बाईला म्हटलं, "मावशी, तुमचा हात धरू का? मला घाटात भीती वाटते." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "धर की," म्हणाली, हात माझ्या मांडीवर ठेवला आणि पलीकडच्या बाकावरच्या बाईशी मिरचीच्या भावावर बोलत राहिली. मी वळणं मोजली नाहीत. रडत होते, त्यामुळे दरीही नीट दिसली नाही. मी वेळेत पोचले. बाईंच्या कपाळावर हात ठेवला. मला एवढंच करता आलं.

दिवसांना परत गेले तेव्हा पाहुणे पांगल्यावर काका ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. आठ महिने बोलावत होत्या आणि मी घाटाच्या भीतीने आले नाही, हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. काकांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "तिला पन व्हता ना."

"काय?"

"घाटाचा भ्या. लगीन झाला तवापासून मी पाहतां. तू यायच्या आधी ती वरच्या फाट्यावं उतरं, पायवाटेनं चालत खाली येय. जुनं डायवर वळखत तिला, टपरीवं चा पीत थांबत. तू आली, तवापासून ती बशीत बसून यायला लागली."

मी विचारलं, काही झालं होतं का, अपघात वगैरे. "काय नाय," काका म्हणाले. "नुसता भ्या."

मला राग आला. गेलेल्या माणसाबद्दल राग लिहू नये म्हणतात, पण मला आला आणि अजूनही मधूनमधून येतो. रोज सव्वापाचला माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि स्वतःचं एक अक्षर बोलल्या नाहीत! मी काकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "सांगला असता, तर तू चढली असतीस का बशीत?" आणि पुढे, "मना सांगं ना ती. दर शनिवारी. आज वैशू व्हती, बरा गेला, म्हनं. आता मी म्हनं, चल, मोटरसायकलवं नेतां तुला शाळेत. नको म्हनं. वैशू येल, मंग तिच्यासंगं वर जान."

घाटाच्या वरच्या टोकाला मी आणि खालच्या टोकाला त्या. आठ महिने दोघी एकमेकींची वाट बघत बसलो होतो. मधलं अंतर एसटीने दीड-दोन तासांचं. त्या शाळा विसरल्या, हे मी पाहिलं नव्हतं. मला नुसतं वाटलं होतं. बाई असत्या तर त्यांनी तो खडा उचलून कधीच बाजूला टाकला असता. आणि मी त्यांना "मला एकटीला भीती वाटते हो बाई" एवढं एकदा म्हटलं असतं, तर कदाचित त्यांनीही म्हटलं असतं... पण आता ते नुसतंच वाटणं. शिवाय पहिल्याच दिवशी त्यांनी मला खरं काय ते सांगितलं होतं. मला पण सोबत होईल. त्या अगदी सरळ बोलल्या होत्या, ऐकताना मीच त्यातली रीत तेवढी ऐकली. मिटलेले डोळे, हलणारे ओठ, सगळं माझ्या शेजारीच होतं. मी सांगितल्याप्रमाणे खिडकीबाहेर बघत होते.

आता शनिवारी मी काकांकडे जाते. ते एकटे आहेत, आणि माझी भाकरी अजूनही गोल होत नाही. बाईंचं सूप मी शाळेत आणलंय. सव्वापाचला मोहाखाली बसते, कधी कुणी पालक येऊन बसतो, कधी कुणीच नाही. वेळापत्रकावरची ती पेन्सिल पुसट झाली होती, मी ती शाईने गिरवली. घाट पहिल्यासारखाच आहे. माझी भीतीही पुष्कळशी पहिल्यासारखीच. फाटा जवळ आला की शेजारी जी कोणी बसली असेल तिला मी विचारते, हात धरू का. आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही. खिडकी मी तिला देते, "तुम्ही बाहेर बघा" म्हणते आणि डोळे मिटून घेते. पायथ्याच्या टपरीपाशी गाडी थांबली की रुमाल काढते, आधी तिचा तळहात पुसते, मग माझा, आणि म्हणते, "बघा मावशी, किती घाम तुमच्या हाताला!"